डाव्या पॅडलचे आटे गेले, क्रँक बदलू की दुरुस्त होईल?

खाडीकाठ | ९ जून, रात्री १०:४२
मंडळी, मदत हवी आहे. माहीम ते बीकेसी रोज सायकलने जातो. हायब्रिड आहे, साधा चौकोनी अॅक्सलवाला अॅल्युमिनियमचा क्रँक (पॅडल ज्याच्या टोकाला बसतं तो हात), लांबी १७० मिमी. दोन आठवड्यांपूर्वी सर्व्हिसिंगला दिली होती, तिथल्या पोराने पॅडल काढून ग्रीस लावून परत बसवली. बसवताना मी समोर उभा होतो, त्याने आधी डाव्या बाजूला एक पॅडल पान्याने दोन-तीन फेरे दामटवलं मग म्हणाला अरे हे दुसऱ्या बाजूचं, ते काढलं आणि दुसरं लावलं. तेव्हा मला काही कळलं नाही. चार दिवसांनी पाय टाकला की कट्‌कट्‌ आवाज यायला लागला, मग पॅडल तिरकं दिसायला लागलं, आणि आज सकाळी कलानगरच्या सिग्नलला उभं राहून जोर लावला तर पॅडल बुटासकट निघून हातात, म्हणजे पायात. मागून बस येत होती, थोडक्यात वाचलो. पॅडलच्या आट्यांमध्ये अॅल्युमिनियमची वेटोळी अडकली आहेत, स्प्रिंगसारखी. क्रँकच्या भोकात बोट घातलं तर बाहेरच्या बाजूला गुळगुळीत, आत थोडे आटे लागतात. दोन दुकानांत विचारलं, दोघेही म्हणतात पूर्ण क्रँकसेट घ्या. खरंच पर्याय नाही का?

पाना_१५ | ९ जून, रात्री ११:०५
पहिली गोष्ट, ते पॅडल परत बसवून "ऑफिसपर्यंत तरी जाऊ" असं अजिबात करू नका. अर्धे आटे असलेलं पॅडल चढावर उभं राहिलात की सुटतं आणि तुमचा सगळा भार त्याच पायावर असतो.

आता कारण. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. उजवं पॅडल नेहमीसारखं घट्ट होतं, डावं घड्याळाच्या उलट. पॅडलच्या टोकावर किंवा पान्याच्या चपट्या जागेवर एल आणि आर कोरलेलं असतं. त्या पोराने आर वालं डावीकडे घातलं, पॅडलची दांडी पोलादाची आणि क्रँक मऊ, मग पोलाद स्वतःची वाट स्वतःच कापत गेलं.

लक्षात ठेवायला सोपं: पाना पॅडलवर उभा लावा, वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकललं की घट्ट, मागच्या चाकाकडे ओढलं की सैल. दोन्ही बाजूंना हेच. डावं उजवं डोक्यात ठेवायची गरजच नाही.

चहाबाज | ९ जून, रात्री ११:१८
उलटे आटे मुद्दाम का करतात पण? टेबलफॅनच्या पात्यापुढचा प्लास्टिकचा नट पण उलटा असतो, आमच्याकडे दर उन्हाळ्यात पंखा पुसायला काढला की कोणीतरी तो उलटा पिळून मोडतो.

पाना_१५ | ९ जून, रात्री ११:३१
@चहाबाज, घरात करून बघता येईल. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं बाहेरचं टोक दुसऱ्या हाताने गोल गोल फिरवा. पेन्सिल मुठीच्या आत स्वतःभोवती उलट दिशेने फिरते. पॅडलची दांडी क्रँकच्या भोकात केसाएवढी तरी सैल असतेच, आणि पायाचा दाब भोकाच्या कडेने गोल फिरत राहतो, त्यामुळे दांडी हळूहळू उलटी सरकते. उजवीकडे नेहमीचे आटे आणि डावीकडे उलटे ठेवले की हे सरकणं घट्ट होण्याच्या बाजूला जातं. डावीकडे सरळ आटे असते तर रोज पॅडल सैल झालं असतं.

सकाळची_राईड | १० जून, सकाळी ६:१२
एवढं कशाला करत बसायचं. नुसता डावा क्रँक सुटा मिळतो, जुन्या सायकलींचे पार्ट विकणाऱ्यांकडे विचारा. फक्त लांबी तीच हवी, नाहीतर एक पाय लांब एक पाय आखूड, गुडघा बोंबलतो. क्रँकच्या मागे १७० किंवा १७५ कोरलेलं असतं ते बघून घ्या.

आटापिटा | १० जून, सकाळी ८:५०
मी असतो तर भोकात दोन ट्यूबवालं इपॉक्सी भरलं असतं, त्यात पॅडल बसवून रात्रभर ठेवलं असतं. आमच्या नळाच्या स्टँडला केलं होतं, तीन वर्षं टिकलंय.

टर्नरची_लेक | १० जून, सकाळी ९:२०
@आटापिटा, नका सांगू असं कोणाला. नळाच्या स्टँडवर कोणी उभं राहत नाही. पॅडलवर माणूस उभा राहतो आणि दर फेऱ्याला दाबाची दिशा बदलते, इपॉक्सीचा थर आतून तडकतो आणि तडकलेला बाहेरून दिसत नाही. बाटलीच्या स्टँडला चालेल, मडगार्डला चालेल. पॅडल, हँडलचा स्टेम, ब्रेक, सीटपोस्ट या चार ठिकाणी नाही म्हणजे नाही.

@खाडीकाठ, तुमच्या वर्णनात एक चांगली गोष्ट आहे. बाहेरचे आटे गेलेत पण आतले लागतायत. पॅडल बाहेरून घालतात म्हणून नेहमी बाहेरचेच आधी मरतात. तर क्रँक काढा आणि डावं पॅडल मागच्या बाजूने, म्हणजे फ्रेमकडच्या बाजूने, नुसत्या बोटांनी घालून बघा. आटे डावे असले की दोन्ही बाजूंनी डावेच असतात, त्यामुळे मागून पण ते तसंच फिरतं. मागचे शाबूत आटे पॅडलला सरळ धरतात आणि पोलादी दांडी पुढचे चेपलेले आटे वर उचलत जाते. टॅप, म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार, असेल तर त्याने करा, पॅडलचे आटे ९/१६ इंच, इंचाला २०, डावा टॅप वेगळा मागावा लागतो. लहान मुलांच्या एकसंध क्रँकला १/२ इंच असतं, ते चुकून आणू नका.

पुढे अर्धा फेरा, मागे पाव फेरा. मागे घेतलं की कातरलेली चुरी तुटते, नाहीतर ती पुढचे आटे खाते. अॅल्युमिनियमला रॉकेलचे चार थेंब टाकत राहा. माझे वडील परळच्या एका मिलच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते, १९८२ च्या संपानंतर साकीनाक्याला एका गाळ्यात गेले, शनिवारी मी डबा घेऊन जायचे आणि तासभर बाकावर बसायचे. ते टॅप मारताना बघत नसत, ऐकत असत. कुर्र कुर्र असा कोरडा बारीक आवाज येतो तोवर ठीक. आवाज बंद पडून हाताला रबरासारखं लागायला लागलं की थांबायचं, टॅप आता कापत नाही, पिळला जातोय, पुढचा इशारा म्हणजे टॅप तुटणार.

खाडीकाठ | १० जून, सकाळी ९:४१
ताई, खूप खूप आभार. आज संध्याकाळी क्रँक काढतो. त्याला पुलर, म्हणजे क्रँक ओढून काढायचं हत्यार, लागतो ना? मित्राकडे आहे.

पाना_१५ | १० जून, सकाळी ९:५५
थांबा!! पुलर लावायच्या आधी आतला बोल्ट आणि त्याखालचा वायसर दोन्ही निघालेत का ते टॉर्च मारून बघा. वायसर काळ्या ग्रीसमध्ये तळाला चिकटून राहतो, दिसत नाही, मग पुलर त्याच्यावर ढकलत बसतो आणि क्रँकचे २२ मिमीचे पुलरचे आटे उपटून येतात. असा क्रँक माझ्याकडे स्मारक म्हणून ठेवलाय. पुलरची बॉडी हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, मगच मधला दांडा पिळा.

घोडबंदर_०७ | १० जून, दुपारी १:३०
विषय निघालाच आहे तर माझं पण दुखणं सांगतो. माझ्या बोल्टचे आटे ठीक आहेत पण डोकं गेलंय. सीटपोस्टच्या क्लँपचा ५ नंबरचा एलन बोल्ट, आतला षटकोन गोल झालाय, एलन की नुसती फिरते. सीट दोन बोटं खाली सरकलीये आणि वर घेता येत नाही, गेल्या रविवारी गायमुखपासून घरापर्यंत गुडघे छातीला लावत आलो.

सकाळची_राईड | १० जून, दुपारी १:४४
गुडघे छातीला लावून वारा कमी लागतो, ट्रायथलॉनवाले त्याचेच पैसे मोजतात :)

टर्नरची_लेक | १० जून, दुपारी २:१०
@घोडबंदर_०७, हे दोन वेगळे आजार आहेत, आणि लोक दोन्हीला "बोल्ट स्लिप झाला" म्हणतात म्हणून सल्ल्यात घोळ होतो. तुमचं डोकं गेलंय, आटे शाबूत आहेत, म्हणजे सोपं.
आधी भोक टाचणीने साफ करा, मुंबईत त्यात माती आणि गंज घट्ट बसलेला असतो आणि की पूर्ण खाली पोचतच नाही. मग बिनगोल टोकाची, म्हणजे नवी, चांगली एलन की हातोडीने ठोकून बसवा. नाही झालं तर टी-३० चा टॉर्क्स बिट (सहा टोकांच्या चांदणीसारखा), तो ५ मिमीच्या भोकाला जरासा मोठा पडतो, ठोकून घातला की त्याचे कंगोरे कडेत रुततात. एकदाच संधी मिळते, हलक्या हाताने चाचपू नका, सरळ एका झटक्यात. तेही नाही तर हॅक्सॉने डोक्यावर खाच पाडून मोठा स्क्रूड्रायव्हर. काढायला बाजारात इझी-आऊट (बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटं पिळायचं हत्यार) मिळतं पण एवढ्या बारीक बोल्टला ते वापरू नका. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला लागत नाही.

गिरगावकर | १० जून, दुपारी ३:०२
बोल्ट जाम असेल तर आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. आमच्या इमारतीत सायकली जिन्याखाली असतात, चौपाटीवरून खारं वारं थेट येतं, पावसाळा संपेपर्यंत प्रत्येक बोल्टला मिशा फुटतात. अॅल्युमिनियमच्या भोकात पोलादी बोल्ट आणि मध्ये खारट ओल, हे दोघं मिळून बॅटरीसारखं वागतात, अॅल्युमिनियम झिजून पांढरी पूड होते आणि ती फुगून बोल्टला आवळते. मग लोक जोर लावतात आणि आटेच बोल्टबरोबर बाहेर येतात. म्हणून मी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे बोल्ट एकेक करून बाहेर काढतो, पुसतो, ग्रीस लावून परत. दीड तास जातो. पोरगा पण बसतो आता शेजारी, त्याला वायसर क्रमाने मांडायचं काम.

आटापिटा | १० जून, दुपारी ३:२०
आटे की चुडी की थ्रेड? कुर्ल्याला मेकॅनिकला "आटे गेले" म्हटलं तर त्याने पिठाची गिरणी दाखवली असती :)

टर्नरची_लेक | १० जून, दुपारी ३:३५
गाळ्यात सगळी सरमिसळ. वडील आटे म्हणायचे, शेजारच्या मशीनवरचे काका चूडी, मालक थ्रेड. उलटे आटे म्हणजे "उलटी चूडी". पण आटा शब्द आपल्या बोलण्यात केवढा खोल बसलाय बघा, माणसाचे सुद्धा आटे ढिले होतात.

डबा_आणि_चाक | १० जून, सायंकाळी ६:१५
आमच्याकडे काळी सायकल आहे, कॉटर पिनवाली, म्हणजे क्रँक पाचरीसारख्या पिनेने अडकवलेला. तिचा क्रँक पोलादाचा, पॅडल कितीही वेळा काढा घाला काही होत नाही. डबेवाल्यांच्या सायकलींवर हँडलला दोन्ही बाजूंनी डबे लटकलेले असतात तरी पॅडल सुटलेलं मी पाहिलं नाही. हलक्या सायकलीच्या नादात आपण नाजूक झालो असं वाटतं.

पाना_१५ | १० जून, सायंकाळी ६:५०
@डबा_आणि_चाक, पोलाद कणखर आहे हे मान्य. पण कॉटर पिनचे आटे ठोकून चपटे झाले की ती काढताना काय होतं तेही तुम्हाला माहीत असेल. अॅल्युमिनियम नाजूक नाही, त्याला ग्रीस आणि सरळ सुरुवात लागते इतकंच.

खाडीकाठ | ११ जून, रात्री ९:५८
अपडेट. क्रँक निघाला, वायसर खरंच आत चिकटलेला होता, @पाना_१५ तुमच्यामुळे वाचलो. नागदेवी स्ट्रीटला जाऊन डावा टॅप शोधला, तीन दुकानं फिरलो, चौथ्याने माळ्यावरून काढून दिला. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मागून मारला, रॉकेल टाकून. आवाज पण आला कुर्र कुर्र, फार बरं वाटलं. पण शेवटी मोजले तर धड आटे चारच. बाहेरचं भोक चक्क लंबगोल झालंय. पॅडल बोटाने फिरतं पण शेवटाला डुगडुगतं.

टर्नरची_लेक | ११ जून, रात्री १०:२०
चार पुरणार नाहीत. पॅडलचा दहाएक आट्यांना धरून बसायचा हिशोब असतो. आता दोनच रस्ते: सुटा क्रँक, किंवा भोक मोठं करून त्यात पोलादी बुश, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी. बुशसाठी आधी व्हर्नियरने भोकाभोवती किती जाडी उरते ते मोजून घ्या. कडेला भेग दिसली, अगदी केसाएवढी, तर बुशचा विचार सोडा आणि क्रँक बदला. लेथवाला चांगला असेल तर तो स्वतःच सांगेल. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये अजून मिळतात अशी माणसं.

सकाळची_राईड | १२ जून, सकाळी ६:३०
मी अजूनही म्हणतो सुटा क्रँक. सुट्टीचा दिवस, रिक्षाचे पैसे, लेथवाल्याचे पैसे, सगळं धरा. आणि बुश निघालं तर?

टर्नरची_लेक | १२ जून, सकाळी ९:०५
तुमचं म्हणणं चुकीचं नाही. ज्याला उद्याच सायकल हवी त्याने क्रँकच घ्यावा. पण नीट बसवलेलं पोलादी बुश मूळ अॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतं, कारण पुढच्या वेळी पॅडल पोलादात फिरतं. बाटलीच्या स्टँडच्या एम-५ किंवा ब्रेकच्या एम-६ भोकांना हेच काम हेलिकॉइल करतं, तारेची स्प्रिंग भोकात बसवायची की नवे आटे तयार. लोक दुरुस्ती म्हणजे जुगाड समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

घोडबंदर_०७ | १२ जून, सकाळी ११:४०
टी-३०!! एका ठोक्यात निघाला. नवा बोल्ट टाकला, सीट वर. ताई तुम्हाला मिसळ लागू.

खाडीकाठ | २१ जून, रात्री ११:१५
उशीर झाला लिहायला. सकाळची_राईड म्हणाले तसा सुटा क्रँक पण शोधला, १७० चा मिळाला नाही. मग शनिवारी साकीनाक्याला गेलो. तिसऱ्या गाळ्यात एक साठीचे काका, चष्मा दोऱ्याने बांधलेला. क्रँक हातात घेऊन त्यांनी पहिलं काय केलं तर करंगळी भोकात घालून फिरवली आणि म्हणाले, "पान्याने सुरू केलं होतं ना?" मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग व्हर्नियर लावलं, भिंगातून भेगा बघितल्या, म्हणाले होईल. पोलादाच्या सळईतून बुश कातलं. आतले आटे टॅपने नाही, लेथवरच हत्याराने पाडले. उलट्या आट्यांसाठी हत्यार आतून बाहेर सरकत येत होतं, एकेका फेरीत किंचित जास्त खोल, आणि दर दोन फेऱ्यांनी माझं पॅडल लावून बघायचे. बुशला आतल्या बाजूला कॉलर ठेवली, म्हणजे पॅडल घट्ट केलं की बुश बाहेर न येता क्रँकवर अजून दाबून बसतं. चिकट द्रव लावून प्रेसमध्ये दाबलं आणि सांध्यावर एक बारीक पिन ठोकली, फिरू नये म्हणून. चारशे रुपये. एक रात्र हात लावायचा नाही असं बजावलं.

आणि पॅडल कसं सुरू करायचं ते माझ्याकडून तीन वेळा करून घेतलं. ग्रीस लावायचं, बोटांनी धरून आधी सैल करायच्या दिशेने फिरवायचं, एका जागी टक् करून आटा आट्यात पडतो, ते बोटांना कळतं, तिथून घट्ट करायच्या दिशेने वळायचं. निदान चार फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. त्याआधी पान्याला हात लावायचा नाही. मला पहिल्या वेळी टक् कळलंच नाही, दुसऱ्या वेळी कळलं.

पाना_१५ | २१ जून, रात्री ११:३२
वा! आता बुश आणि क्रँकच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक आडवी रेघ मारा. बुश केसभर जरी फिरलं तरी रेघ तुटलेली दिसेल. पहिला महिना रोज निघायच्या आधी बघा. पॅडल घट्ट करताना ३५ ते ४० न्यूटन मीटर.

टर्नरची_लेक | २२ जून, सकाळी ८:४५
दर दोन फेऱ्यांनी पॅडल लावून बघायचे हे वाचलं आणि वडिलांचे हात आठवले. त्या काकांना माझा नमस्कार सांगा, पुन्हा गेलात तर.

गिरगावकर | २२ जून, सकाळी १०:१०
ते टक् मी काल पोराला शिकवलं, त्याच्या सायकलीच्या बेलच्या स्क्रूवर. सकाळपासून घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं उलटी फिरवून टक् ऐकत बसलाय.

खाडीकाठ | १९ जुलै, रात्री ८:२०
रेघ लाल रंगाची मारली, बहिणीची बाटली. रोज माहीम-बीकेसी चालू आहे, आज भर पावसात आरेत जाऊन आलो, चढावर मुद्दाम उभा राहिलो. घरी येऊन चिखल धुतला आणि टॉर्च मारून बघितलं, रेघ जशीच्या तशी.